एका कोळशात दोन कामं

कोणतीही वस्तू वाया जाऊ न देणं हे सुधारलेल्या समाजाचं लक्षण होय. या कसोटीवर कागद गिरणीचं बॉयलरघर गावातली सर्वांत सुधारलेली जागा होती. तिथे कोळसा एकदाच जळे. त्याच्या वाफेवर आधी वीज तयार होई आणि उरलेल्या वाफेवर ओला कागद वाळे. बॉयलरघराचे मुख्य अभियंता ही गोष्ट भेटेल त्याला सांगत, न भेटणाऱ्याला गाठून सांगत. लोक त्यांना 'दुहेरीसाहेब' म्हणत.

या व्यवस्थेचा एक तिसरा लाभही होता. चिमणीतली राख गिरणीच्या वसाहतीत हुद्दा न पाहता प्रत्येकाला घरपोच मिळे. (धूर गाळायचं यंत्र होतं. पण ते वीज फार खातं, म्हणून तपासणीचे पाहुणे आले की तेवढं चालवत.)

एका सकाळी साहेबांच्या पत्नीने गच्चीवरची चादर आणून त्यांच्या पुढ्यात टाकली.

"ही काल पांढरी होती."

"राखाडी रंग मळखाऊ असतो," साहेब म्हणाले.

"आणि बाबांचा खोकला? तोही मळखाऊ का?"

आतल्या खोलीत साहेबांचे सासरे खोकले. साहेबांनी उठून पंखा मोठा केला. (वीज घरचीच.)

बाईंनी थेट प्रदूषण कार्यालयात तक्रार ठोकली. कार्यालयाने तातडीने दखल घेतली, म्हणजे सात प्रती मागितल्या. पाठोपाठ शेजारणी सरसावल्या. तक्रारीला पोच, पोचेनंतर खुलासा, खुलाशावर शेरा, शेऱ्यावर स्मरणपत्र. कार्यालयातला कागद संपला. तो त्यांनी सोयीचं पडतं म्हणून आमच्या साहेबांच्याच गिरणीतून मागवला.

गिरणीला त्या सुमारास घरघर लागली होती. ती एकदम टवटवीत झाली. कागद वाढला म्हणून वाफ वाढली, वाफेसाठी कोळसा, कोळशाने राख आणि राखेने, देवाच्या दयेने, तक्रारी. मालकांनी साहेबांचा सत्कार केला. "या यशात माझ्या पत्नीचा वाटा मोठा आहे," साहेब गहिवरून म्हणाले. बाई पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी नवी मागणी केली : तक्रारी मोबाइलवर घ्या, कागद बंद करा.

साहेबांचं धाबं दणाणलं. "अगं, गिरणी बुडेल!"

"बाबांना श्वास तरी घेता येईल."

"आणि मी काय करू?"

"घरी बसा. ओळख तरी होईल आपली."

मागणी मंजूर झाली. कागद उठेना, गिरणीला कुलूप लागलं, चिमणी थंड पडली. सासरे गच्चीत खुर्ची टाकून बसू लागले. चादरी पांढऱ्याच्या पांढऱ्या वाळू लागल्या. साहेब मात्र आजारी नातेवाइकाकडे पाहावं तसे चिमणीकडे पाहत. त्यांना स्वतःलाही आताशा शांत झोप लागत होती, पण हे त्यांनी कुणाजवळ कबूल केलं नाही.

मग चिमणी पुन्हा पेटली, पूर्वीपेक्षा जोरात. मोबाइलवरच्या तक्रारी साठवायला भलीमोठी यंत्रं लागतात. ती सतत चालतात, तापतात आणि त्यांना गार ठेवायला वेगळी वीज लागते. बंद गिरणीच्या जागेत ती छान मावली. वाळवायला कागद नसल्यामुळे उरलेली वाफ आता फुकट जाई. साहेबांना बढती मिळाली. लोक त्यांना 'एकेरीसाहेब' म्हणू लागले.

सासरे पुन्हा आत गेले, खोकत. बाईंनी पदराने मोबाइलवरची राख पुसली आणि तक्रार नोंदवली. "आपली तक्रार आम्हाला मोलाची आहे," असं उत्तर क्षणात आलं. तेवढ्यात मोबाइल मान टाकू लागला, म्हणून त्यांनी तो चार्जिंगला लावला.

तुम्ही जाणते वाचक आहात. ही गोष्ट आवडली, तर चारजणांना मोबाइलवर पाठवाल; नाही आवडली, तर तिथेच तक्रार कराल. नि:संकोच करा. कोळसा दोन्हींना सारखाच लागतो.