इंदूअक्कांचा डाळिंबी खण

गांधी बझारातल्या मोबाइलच्या दुकानात भोंगा वाजला, तर शेजारचे दुकानदार आता मानही वर करत नाहीत. इंदूअक्का आल्यात, एवढंच त्यांना कळतं. तिथे मांडून ठेवलेले फोन वायरीला बांधलेले असतात आणि वायर ताणली की भोंगा होतो. इंदूअक्का फोन उचलतात आणि तडक दाराकडे निघतात. भोंगा केकाटतो, वॉचमन धावत येतो, आणि अक्का त्यालाच दटावतात, "स्वल्प बाजूला सर की. ऊन अडवलंस."

मग पर्समधून एक खण निघतो. गुळेदगुड्डचा, डाळिंबी रंगाचा, घड्या पडून पडून मऊ झालेला. अक्का त्याचा त्या फोनवर फोटो काढतात, खण पडद्याला चिकटवून धरतात आणि एकदा इकडे, एकदा तिकडे बघतात. निकाल बहुतेक ठरलेला असतो.

"रंग खोटा हाय. ठेव आत."

या बाईंचा मला जबर अभिमान आहे, हे आधीच सांगून टाकतो. त्या माझ्या घरमालकीण. मी पुण्याचा, नोकरीला बेळ्ळंदूरला, आणि राहतो बसवनगुडीत त्यांच्या वरच्या मजल्यावर. रोज एवढ्या लांब मरायला का जातोस, असं ऑफिसात सगळे विचारतात. त्यांना घरमालक भेटलेत, इंदूअक्का भेटलेल्या नाहीत.

अक्का मूळच्या निपाणीकडच्या. तिकडच्या बायकांसारखं त्या 'मी येतो, मी बघतो' असं म्हणतात आणि ऐकून ऐकून मलाही आता तेच बरोबर वाटायला लागलंय. लग्न होऊन इथे आल्या, यजमान गेले, आणि त्यांचं मॅचिंग सेंटर अक्कांनी एकटीने चालवलं. साडीवर जुळणारं ब्लाउजपीस, परकर, फॉल. पण साडी दुकानात ट्यूबलाइटखाली दाखवायची सोय नाही. गिऱ्हाईक कितीही मातब्बर असो, अक्का बोट दाराकडे करतात. "उजेडात ये." मग दोघी पायरीवर उभ्या राहतात, अक्का साडीकडे क्षणभर बघतात, आत जातात आणि शेकडो तुकड्यांतून नेमका एक ओढून आणतात. तो जुळतोच. येलहंक्यापासून अख्खं शहर ओलांडून बायका येतात, ते उगाच नाही.

"उजेडात ये" हे त्या माणसांनाही म्हणतात. एकदा सकाळी मी जिना उतरत होतो, तर खालून हुकूम आला. मी अंगणात गेलो. अक्कांनी माझं तोंड साडीसारखं न्याहाळलं आणि म्हणाल्या, "कामावर जाऊ नको. ताप यायलाय तुला." मी हसून गेलो. संध्याकाळी दोन पांघरुणांखाली कुडकुडत होतो आणि उशाशी अक्का मिरीचं सारू घेऊन उभ्या होत्या. चेहऱ्यावर 'सांगितलं होतं की नाही' असा भाव होता, तो त्यांनी लपवलाही नाही.

आता माझं सांगतो. नवा फोन बाजारात आला की मी त्याची कुंडली पाठ करतो. मागे असाच एक घेतला आणि हौसेने अक्कांना दाखवायला गेलो.

"अक्का, याचा पडदा सेकंदाला एकशेवीस वेळा बदलतो."

"एवढं काय बदलायलाय त्यात? तू तर एकच मेसेज तासभर बघत बसतोस."

"ठिपके इतके बारीक आहेत, की डोळ्याला दिसणारच नाहीत."

"दिसणार न्हाईत, तर घातले कशाला?"

"आणि उजेड एवढा, की भर उन्हात दिसतो."

"हां, हे एक कामाचं बोललास."

मी शेवटचा हुकमी पत्ता टाकला. "अक्का, अब्जभर रंग आहेत यात!"

अक्कांनी पर्समधून खण काढला. "मला एकच पुरे रे पुणेकर. खरा दाखव." माझ्या लाडक्या फोनने त्या डाळिंबी खणाला लालभडक करून टाकलं. मी म्हणालो, चूक पडद्याची नसेल, कॅमेऱ्याची असेल. त्या म्हणाल्या, "कुणाची चूक ते तुम्ही शिकलेली माणसं बघा. रंग चुकलाय एवढं मी सांगतो."

मग मागच्या महिन्यात अक्कांचा जुना फोन धुण्याच्या बादलीत पडला आणि हा सगळा खेळ गंभीर झाला. अक्कांची आई गावी एकटी राहते. नव्वदीला टेकलेली, पण गाव सोडून यायचं नाव काढत नाही. रोज सकाळी दुकान उघडण्याआधी दोघींचा व्हिडिओ कॉल ठरलेला. तो बंद पडला. माझ्या फोनवरून लावून देतो म्हटलं, तर नको म्हणाल्या. दुकानातल्या फोनवरून नुसतं बोलायच्या, आणि फोन ठेवला की अस्वस्थ. "बरी हाय म्हणते. ती नेहमीच बरी असते."

आम्ही दुकानं पालथी घातली. भोंगे वाजले, फोन नापास झाले. अक्कांचं जेवण कमी झालेलं मला दिसत होतं, आणि मी तोंडपाठ केलेल्या एकाही आकड्याचा उपयोग होत नव्हता. शेवटी भोंगेवाल्या दुकानातलाच सेल्समन पुढे आला. त्याने शांतपणे सेटिंग उघडलं. पडद्याचे रंग कंपनीने भडक करून ठेवलेले असतात, कारण दुकानात तेच उठून दिसतात. त्याने ते साधे केले आणि म्हणाला, "ईगा नोडी, अक्का." आता बघा.

अक्कांनी खण धरला. बराच वेळ बघितलं. मग त्याच्या पाठीवर थाप मारली. "सरी. घातलास बघ रंग जागेवर." पठ्ठ्या असा फुलला, जणू बढती मिळाली. मला तर ओवाळून टाकावंसं वाटलं त्याच्यावरून.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन लावून द्यायला मी खाली गेलो. कॉल लागला. पडद्यावर सुरकुतलेला, मिश्कील चेहरा आला आणि पहिली गोष्ट काय केली असेल, तर म्हातारीने हनुवटीखाली एक खण धरला. डाळिंबी. तसाच. अक्कांनी आपला खण पडद्याशेजारी धरला. खणाशी खण जुळला, मग कुठे अक्कांनी आईच्या तोंडाकडे बघितलं. डोळे बघितले, गाल बघितले. तेव्हा त्यांनी श्वास सोडला.

"एकाच ताग्यातले दोन्ही," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "बादलीत पडला त्याच्या आधीचा एक फोन होता, भारी. सगळ्यांना गुलाबी दाखवायचा. आई बरी हाय म्हणायची, फोनपण बरी हाय म्हणायचा. शेजारणीनं कळवलं म्हणून गेलो. दारात उभी होती, हळद लावल्यासारखी पिवळी. कावीळ अंगात मुरलेली, आणि मी रोज तिला बघत होतो. शेकडो बायकांचे रंग जुळवले रे मी. आईचा चुकला."

तेवढ्यात फोनमधून खणखणीत आवाज आला.

"इंदे, माझं झालं बघून? आता तुझं तोंड दाखव. तिथं कोण बघतंय तुझ्याकडं? उजेडात ये."

आणि ज्यांच्या एका बोटावर अख्खं बसवनगुडी पायरीवर येऊन उभं राहतं, त्या आमच्या इंदूअक्का निमूट उठल्या. अंगणात गेल्या, फोन समोर धरला आणि खण गालाला लावून उन्हात उभ्या राहिल्या. पलीकडे म्हातारी आपला खण पडद्याशी धरून लेकीला निरखत होती.

"उतरलीयास," ती म्हणाली. "जेवत न्हाईस."

"जेवतो की, आई."

"खोटं बोलू नको. रंग दिसायलाय मला."