पुढून की मागून

रावजी शिवलकरांच्या भुसारी दुकानाचा निम्मा कारभार त्यांच्या मानेवर चाले. गादीवर लोडाला टेकून बसायचं आणि कोणी काही मागितलं की मान डावीकडून उजवीकडे हलवायची. रजा मागणारा हमाल असो, वर्गणीवाले असोत, की घटकाभर गादीवर बसू द्या म्हणणारा धाकटा भाऊ काशीराम असो, मान तीच आणि दिशाही तीच. तराजूपाशी उभ्याउभ्या काशीरामाचे केस पिकले, पण त्या गादीची ऊब काही त्याला ठाऊक झाली नाही. एवढा वापर झाल्यावर कुठलंही यंत्र झिजायचंच.

आधी रावजींच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. मग हातातून किल्ल्यांचा जुडगा सुटू लागला. त्यांनी दोष जुडग्याला दिला आणि तो बदलला. पण भरला कप धोतरावर उपडा झाला, तेव्हा चहाला दोष देता येईना. गावातल्या डॉक्टरांनी मिरजेला धाडलं. बरोबर बायको, हौसावैनी, गेल्या.

मिरजेच्या डॉक्टरांनी फोटो उजेडापुढे धरून सांगितलं, की मानेच्या मणक्यांतली गादी सरकली आहे आणि ती शीर दाबते आहे. पट्टा लावून, मानेला वजन टांगून बघण्याचे दिवस गेले. हाताची ताकद जायला लागली आहे. आता एक तर गळ्याच्या बाजूने जाऊन गादीच काढायची आणि तिथे कमरेच्या हाडाचा तुकडा बसवायचा, किंवा मागच्या बाजूने जायचं. फोटो पुरे झाले की नक्की सांगू.

रावजी मान हलवायला गेले आणि कळवळले.

संध्याकाळी त्यांनी दुकानात ट्रंक कॉल लावला. लाइनीत घरघर इतकी, की वाक्याचं शेपूट तेवढं ऐकू येत होतं.

"काशी, गादी काढायची म्हणतात रे."

काशीरामाच्या हातातलं माप खाली आलं. "काय सांगता दादानू! आनि मग तिथं?"

"बाहेरचं काय आणायचं नाय. घरचंच बसवायचं."

काशीरामाने इकडेतिकडे बघितलं. घरचं असं दुसरं कोणी दिसेना.

"फक्त पुढून काढायची की मागून, ता ठरत नाय," रावजी म्हणाले.

"मागून काढूया, दादानू. पुढून काढली तर सगळा बाजार बघंल."

आपल्या गळ्यावरच्या व्रणाची काळजी भावाने करावी, याने रावजी गहिवरले. जन्मात पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून "तू म्हणशील तसं" असं वाक्य निघालं, आणि नेमकं तेच लाइनीवर स्वच्छ ऐकू आलं.

दुसऱ्याच दिवशी काशीराम आणि हमाल गंगाराम यांनी गादी मागच्या दाराने काढली आणि पिंजाऱ्याकडे पोचवली. तिच्या जागी काशीरामाची नवी गादी आली आणि तिच्यावर काशीराम आला. मिरकरवाड्यातला मजीद होडीवाला तांदूळ न्यायला आला होता, तो बघतच राहिला.

"शेट आपणहून गादीवरनं उठला? समिंदर आटला काय रे?"

"दादांचीच मर्जी," काशीराम म्हणाला आणि लोडाला टेकला.

तिकडे डॉक्टरांनी भावाचा सल्ला ऐकून घेतला आणि तो बाजूला ठेवला. गादी मधोमध सरकलेली, तेव्हा पुढूनच जायला हवं, व्रण गळ्याच्या वळीत लपेल. ऑपरेशन उत्तम झालं. हाताला बळ आलं. गळ्याकडून गेल्यामुळे आवाज तेवढा बसला. तो सावकाश येईल आणि तोवर गळ्यातला पट्टा काढायचा नाही, मान हलवायची नाही, असं बजावून त्यांना घरी सोडलं.

रावजी एस्.टी.तून उतरून थेट दुकानात आले. हनुवटी पट्ट्यावर, नजर आढ्याला. ती खाली आणायला त्यांना कमरेतून वाकावं लागलं, आणि वाकल्यावर गादीवर काशीराम दिसला. काशीराम धावत येऊन पायांवर कोसळला.

"दादानू, तुमी सांगितलात तशी मागून काढली. बाजाराला कळूसुदीक दिलं नाय."

रावजींनी सगळा जोर घशात आणला. "गा... गा..."

"गार पानी मागतायत," मजीद म्हणाला. गंगारामने लगबगीने तांब्या आणला.

"मी गादीवर बसू ना, दादानू?" काशीरामाने हात जोडून, चार गिऱ्हाइकांदेखत विचारलं.

रावजींनी मान हलवायला घेतली. डावीकडून नाही, उजवीकडूनही नाही. पट्ट्यात ती देवळातल्या खांबासारखी ताठ राहिली. डोळे तेवढे गरगर फिरले. सगळ्यांनी हौसावैनींकडे पाहिलं. त्या मिरजेपासून सगळं जाणून होत्या, आणि ती मान एकाच दिशेने हलताना लग्नापासून पाहत आल्या होत्या.

"बसा भावजी," त्या पिशवी खाली ठेवत म्हणाल्या. "नाय म्हणायचं असतं तर मान हलवली असती की."