न फिरवलेल्या खुंट्या

एका जंगलात, बाळांनो, संगणक एकच होता आणि तो संपूर्ण आपलाच आहे असं समजणारे दोघे होते. दुर्जय वाघ आणि भैरू तरस. खरा मालक मल्लप्पा हत्ती. त्याने तो दोघांनाही भाड्याने दिला होता, एकाला दुसऱ्याचा पत्ता लागू न देता.

ही कसरत यमुनाक्का घोरपड सांभाळायची. तिच्या हुद्द्याला हायपरव्हायजर म्हणत. प्रोसेसरच्या अंगावर बारीक खुंट्या होत्या, त्यांना म्हणत रजिस्टर. कुणीही खुंटी पिरगाळायला गेलं की हात आधी यमुनाक्काच्या हाती लागायचा. फिरवायची की नाही, हे ती ठरवायची. एकाने फिरवलेली खुंटी दुसऱ्यालाही भोवते ना, म्हणून.

एकदा वाघाने वेगाची खुंटी शेवटपर्यंत पिळली. यमुनाक्काने नम्रपणे सांगितलं की ही फिरत नाही. वाघाने जन्मात नकार ऐकला नव्हता. तो जागीच बेशुद्ध पडला आणि त्याचा सगळा कारभार ठप्प झाला.

मल्लप्पाने तिला बोलावून घेतलं. पाहुणा आडवा पडला तर भाडं कोण देणार, असं त्याने विचारलं. तेव्हापासून यमुनाक्का शहाणी झाली. वाघ खुंटी पिळायचा, ती ‘झालं, सरकार’ म्हणायची आणि फिरवायची मात्र नाही. खुंटी कितीवर आहे असं त्याने विचारलं, तर त्यानेच मागितलेला आकडा त्याला सांगायची. संगणक आता वाऱ्यासारखा पळतो, असं वाघ जो भेटेल त्याला सांगू लागला. सुरुवातीला तिला टोचायचं. मग सवय झाली.

पुढे बातमी आली की प्रोसेसरला एक फट आहे, तिच्यातून शेजाऱ्याचं सगळं दिसतं. फट बुजवायची खुंटी होती. वाघाने ती लगेच पिळली. यमुनाक्का सवयीने म्हणाली, “झालं, सरकार.”

वाघाने निर्धास्तपणे बछड्यांच्या गुहेचा पत्ता संगणकात ठेवला. भैरूने तो फटीतून वाचला आणि गुहा गाठली. वाघीण वेळेवर धावली म्हणून जीव वाचले, पण धाकट्याची शेपटी गेली.

वाघ आला तेव्हा यमुनाक्काला खोटं बोलवेना.

“ती खुंटी मी फिरवलीच नाही, सरकार. आजवर एकही फिरवली नाही.”

वाघ हळूच म्हणाला, “वेगाचीसुद्धा?”

“वेगाचीसुद्धा.”

शेपटीचं दुःख त्याने उभ्याने सोसलं होतं. हे ऐकून मात्र तो कोसळला.

पाहुणा पुन्हा आडवा पाडल्याबद्दल मल्लप्पाने यमुनाक्काला काढून टाकलं. फटीचा विषय निघालाच नाही. तिच्या जागी सरडा आला. शुद्धीवर येताच वाघाने पुन्हा फटीची खुंटी पिळली. घट्ट बसली, असं सरड्याने सांगितलं, आणि वाघ शांत झोपला.

वाघीण मात्र नवी गुहा शोधत होती. यमुनाक्काने तिला डोंगरातली एक दाखवली.

“इथं धोका नाही ना?” वाघिणीने विचारलं.

यमुनाक्का आत शिरली, भिंतीभिंतीला अंग घासून बाहेर आली. “मागं एक भगदाड आहे. भैरू आरामात येईल.”

वाघीण बेशुद्ध पडली नाही. ती दगड आणायला गेली.

तात्पर्य : नोकरीत असेपर्यंत ‘झालं, सरकार’ म्हणावं. खरं बोलायला नंतर भरपूर वेळ मिळतो.