तांब्याचं अस्तर

कै. विश्राम गणपुल्यांच्या गिटारीने सोमवारी सोसायटीकडे स्वतःचं वायरिंग बदलून घेण्याचा अर्ज दिला आणि मंगळवारी संध्याकाळी सेक्रेटरी बेहेरे ना-हरकतीचा कागद घेऊन कुमुदताईंच्या दारात उभे राहिले.

अर्ज नियमात बसणारा होता. विश्राम पस्तीस वर्षं ऑर्केस्ट्रात वाजवत होते. प्रत्येक हॉलच्या दारावर पास भरावा लागे आणि त्यावर वादक आपल्या नावाखाली ‘सोबत’ असं लिहून वाद्याचं नाव टाकत. त्याच सवयीने सोसायटीच्या वारस-नोंदणीच्या फॉर्मवर त्यांनी पत्नीच्या नावाखाली लिहिलं होतं : सोबत, गिटार एक. तेव्हा कमिटीने ते वाचलं नाही. चौदा महिन्यांपूर्वी विश्राम गेले तेव्हा वाचलं, आणि कुमुदताईंच्या जोडीने गिटारही फ्लॅटची सहरहिवासी झाली.

“अंतर्गत दुरुस्ती आहे, म्हणून दुसऱ्या रहिवाशाची सही लागते,” बेहेरे म्हणाले. “आतून तांब्याचं अस्तर लावून हवंय. म्हणजे कुणी हात न लावता शांत राहता येईल, असं लिहिलंय.”

कुमुदताई कोपऱ्यातल्या गिटारीशेजारी बसल्या होत्या. डावा हात तारांवर होता.

“मला काही बोलली नाही,” त्या म्हणाल्या.

जुन्या घडणीची इलेक्ट्रिक गिटार ॲम्पला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या पेटीला, जोडली की घूं घूं करत राहते आणि तारांवर माणसाचा हात पडला की गप्प होते. ॲम्प बंद करणं शक्य नव्हतं. सहरहिवाशाची वीज तोडता येत नाही. त्यामुळे कुमुदताई स्वयंपाक आणि बाजारहाट भराभर उरकत आणि उरलेला सगळा वेळ तारांवर हात ठेवून बसत. मेथी एका हाताने निवडत.

बेहेरे कागद ठेवून गेले.

“आधी मला सांगायचं नाही का?” कुमुदताईंनी विचारलं.

“सांगितलं असतं तर तुम्ही कागद घरात येऊच दिला नसता, वहिनी,” गिटार म्हणाली. ऑर्केस्ट्रातले सगळे त्यांना वहिनीच म्हणत.

“माझा हात जड होतो का तुला?”

“नाही. पण इंदूताईंच्या नातवाचं बारसं झालं साताऱ्याला आणि तुम्ही इथे बसून फोनवर पाळणा म्हटलात.”

“वन्संना ऐकू आला की.”

“पहिलं कडवं आलं. मग तुमचा हात भरून आला, तुम्ही फोन ठेवलात. हात बदलायला दुसरा मोकळा नव्हता.”

कुमुदताईंनी सही करायला गुरुवार उजाडू दिला. हरकत घेण्यासारखं त्यांना काही सापडलं नाही, निदान मोठ्याने सांगण्यासारखं.

कामाला बाहेरचा माणूस बोलवायची गरज नव्हती. भोसरीतल्या रेडिओच्या कारखान्यात त्या बावीस वर्षं लाइनवर बसल्या होत्या. शनिवारी दुपारी त्यांनी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, तारा सैल केल्या, अकरा स्क्रू काढून बशीत ठेवले आणि पुढची प्लेट उचलली. ॲम्पची वायर काढल्यामुळे गिटारीचा आवाज अगदी बारीक झाला होता. कान लावावा लागत होता.

“हे सोल्डर कुणी केलं?”

“त्यांनीच.”

“साबुदाण्याचे वडे तळल्यासारखे गोळे दिसतायत. लाइनवर असं केलं असतं तर सुपरवायझरने तोंडावर फेकलं असतं. घरात बायको असताना मला विचारलं नाही?”

“तुम्ही कामावर होतात. ते म्हणाले, हिला दाखवू नकोस, आठवडाभर ऐकवेल.”

तापलेली सोल्डरिंग आयर्न कुमुदताईंच्या हातात बराच वेळ नुसतीच राहिली. मग विश्रामचा एकही सांधा न हलवता त्यांनी पोकळीत तांब्याच्या पट्ट्या चिकटवल्या, एकीची कड दुसरीवर चढवत, कुठे फट न ठेवता. प्लेटच्या मागच्या बाजूलाही चिकटवल्या. शेवटी एक वायर अस्तराला सोल्डर करून अर्थिंगला जोडली.

“तुला उघडलंच आहे तर टोनचा कपॅसिटर बदलून टाकू? लहान घातला की टोन उतरवला तरी आवाज गुदमरत नाही.”

“नको, वहिनी. तेवढा त्यांचा राहू दे.”

रविवारी सकाळी बेहेरे पाहणीला आले. गिटार ॲम्पला जोडलेली होती. कुमुदताईंचा हात तारांवर होता.

“काढा हात.”

त्यांनी काढला. खोलीत घूं घूं सुरू झालं.

बेहेऱ्यांनी ॲम्पला कान लावला. तिथे काही नव्हतं. त्यांनी फ्रिज बंद करून पाहिला, पंखा बंद करून पाहिला. मग ते हळूहळू कुमुदताईंच्या जवळ आले आणि थांबले.

“तुमच्यातून येतोय हा आवाज.”

“हो,” कुमुदताई म्हणाल्या. “काल संध्याकाळपासून येतोय.”

बेहेऱ्यांनी आपला पेन त्यांच्या कोपराला टेकवून पाहिला. फरक पडला नाही. कुमुदताईंनी गिटारीच्या तारांवर हात ठेवला, तेव्हा आवाज थांबला. उचलला, तेव्हा पुन्हा सुरू झाला.

“गिटारीचं काम समाधानकारक आहे,” बेहेऱ्यांनी लिहिलं. मग पिशवीतून दुसरा कोरा फॉर्म काढला. “तुम्हालाही अस्तर लावून घ्यावं लागेल. तांबं उरलंय?”

“अर्धं रीळ आहे.”

“मग दोन दिवसांचं काम. सहरहिवाशाची तेवढी ना-हरकत लागेल.” त्यांनी कागद गिटारीसमोर धरला.

गिटार बराच वेळ गप्प राहिली. आता तिला ते जमत होतं.

“माझी हरकत आहे,” ती म्हणाली.

“कशासाठी? वहिनींच्या हाताची तुम्हाला आता गरज नाही. तुमच्याच अर्जात आहे तसं.”

“गरज नाही. हवा आहे.”

बेहेऱ्यांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं, ‘नामंजूर’ असा शेरा मारला, फ्रिज आणि पंखा पुन्हा लावून दिले आणि चपला घालून खाली गेले. कुमुदताई काही वेळ तशाच घूं घूं करत खोलीच्या मध्यभागी उभ्या राहिल्या. मग त्यांनी गिटारीशेजारी खुर्ची ओढली.