होटगीहून आणलेलं मीटर

ईरप्पाच्या धाकट्या बहिणीचं, जगदेवीचं, लग्न एकोणीसशे पस्तीस सालच्या वैशाखात झालं. साल पक्कं लक्षात आहे, कारण त्या लग्नाचा एकही फोटो उठला नाही! आणि नवरीचा सख्खा भाऊ सोलापुरात नव्या पेठेतला फोटोग्राफर!

फोटो काढलेच नव्हते असं नाही. चांगल्या नऊ काचा, म्हणजे फोटो उठवायच्या प्लेटा, खर्ची पडल्या होत्या. पण उन्हात काढलेल्या फोटोंत नवरा-नवरी पिठाच्या गिरणीतून नुकतेच बाहेर पडल्यासारखे पांढरेफटक निघाले आणि मांडवाखालच्या फोटोंत सगळं वऱ्हाड कोळशाच्या वखारीत लपून बसल्यासारखं काळंकुट्ट. एका काचेत तेवढा नवऱ्याचा फेटा दिसत होता. फेट्याखाली नवरा होता की खुंटी, हे ईरप्पालाही सांगता येईना.

जगदेवीचे सासरे शिवलिंगप्पा, अक्कलकोटचे तुरीचे व्यापारी. ते भांडले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं! त्यांनी सागवानी चौकट आणली, काच बसवली आणि ती रिकामी चौकट बैठकीत दारासमोर टांगली. कोणी आलं की म्हणायचे, "हा बघा आमच्या पोराच्या लग्नाचा फोटो. सूनबाईच्या भावानं काढलाय. लई मोठा फोटोग्राफर हाय सोलापुरात!" पाहुणे खो-खो हसायचे आणि नेमकी त्याच वेळी जगदेवी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर यायची. ती चौकट रोज सकाळी पुसायचं कामही तिच्याकडेच.

हे कळल्यापासून ईरप्पाला घास गोड लागेना. संक्रांतीला सोलापुरात भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेसाठी शिवलिंगप्पा मंडळींसह येणार होते. तेव्हा मुलगा-सून पुन्हा लग्नाच्या कपड्यांत बसवायची आणि फोटो घ्यायचा, असं ठरलं. "या वेळी नाही उठला, तर चौकट आहे तशी राहू दे. नातवंडांना दाखवू," असा निरोपही आला होता.

"या वेळी असा फोटो काढतो," ईरप्पा बायकोला, महानंदाला, म्हणाला, "की फेट्याच्या झिरमिळ्या मोजून घे!"

"आधी माणसं तरी मोजता येऊ द्या," महानंदा म्हणाली.

सगळी अडचण उजेडाची होती. कॅमेऱ्याचं टोपण किती वेळ उघडं ठेवायचं, हे उजेडावर. ईरप्पाचे वडील गुरुबसप्पा, म्हणजे अप्पा, यांनी चाळीस वर्षं अंगणात फोटो काढले. माणसं बसवायची, इकडंतिकडं बघायचं, टोपण काढायचं, तोंडानं 'नमःशिवाय' म्हणत वेळ मोजायचा, कधी एकदा, कधी तीनदा, आणि टोपण लावायचं. एक काच वाया गेली नाही! पुढं दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आला आणि कॅमेरा ईरप्पाकडे आला. ईरप्पानं लगेच सुधारणा केल्या. संगमरवरी जिना रंगवलेला पडदा आणला. मखमली खुर्ची आणली. आणि अंगणात गिऱ्हाइकांसमोर लेंड्या टाकणारी म्हाताऱ्याची शेळी एका धनगराला विकून टाकली. "स्टुडिओ आहे का गोठा?" तो म्हणाला होता. त्या दिवशी अप्पा जेवले नाहीत. दूध बंद झालं म्हणून रुसले असतील, असं घरात सगळ्यांना वाटलं.

"अप्पा, उजेड ओळखायचा कसा?" ईरप्पानं विचारून पाहिलं.

"अंदाज."

"अंदाज कसा करायचा?"

"यावा लागतो," अप्पा म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

अशात बातमी आली, की होटगी जंक्शनवरचा एक गोरा गार्ड पेन्शन घेऊन विलायतेला निघालाय, घरचं सामान विकतोय आणि त्यात उजेड मोजायची दोन मीटरं आहेत! "अंदाजाचे दिवस गेले! आता यंत्रच सांगेल!" असं म्हणून ईरप्पा कॅमेरा आणि त्याची तिपाई खांद्यावर टाकून पहिल्या गाडीनं होटगीला पोहोचला.

साहेबाचा बटलर मायाप्पा व्हरांड्यात सामान मांडून बसला होता. पोपटाचा पिंजरा, बूट, कंदील आणि दोन मीटरं.

"यातलं चांगलं कुठलं?" ईरप्पानं विचारलं.

"दोन्ही चांगली. सायब आधी हे बघायचे, मग ते बघायचे, आणि मग फोटोच काढायचे न्हाईत."

पहिलं मीटर नळीचं. डोळ्याला लावायचं. आत अंधारात आकडे दिसतात, एकापेक्षा एक पुसट. जो शेवटचा वाचता येईल तो उजेडाचा आकडा. ईरप्पा उन्हातून आलेला, त्याला तीनपर्यंत दिसले. मायाप्पा सकाळपासून सावलीत बसलेला, त्याला सातपर्यंत! पाच मिनिटं व्हरांड्यात टेकल्यावर ईरप्पालाही सात दिसले.

"मी टेकलो तेवढ्यात सूर्य वाढला काय?" ईरप्पा चक्रावला. कुंपणापाशी येडू धनगर शेळ्या घेऊन उभा होता. त्याला हाक मारून नळी त्याच्या डोळ्याला लावली.

"किती दिसतात?"

"लई हायत की!"

"शेवटचा कुठला?"

"मला आकडं कुटं येत्यात, मालक? समदं मुंगळ्यावानी दिसतंय. त्यो बघा, एक चालाय लागला बी!"

नळी बाद झाली. दुसरं मीटर काट्याचं, डबीसारखं, हातात मावणारं. ईरप्पानं ते येडूच्या काळ्या घोंगडीसमोर धरलं. काटा ढिम्म! मग मायाप्पाच्या पांढऱ्या कोटासमोर धरलं. काटा ताडकन उठून उभा राहिला!

"वा! याला जीव आहे!" ईरप्पा ओरडला.

"सायबाचं हाय, मालक," मायाप्पा म्हणाला. "कोट बघूनच उठतंय."

ऊन एकच, जागा एकच, आणि काटा माणूस बघून वागतो, हे ईरप्पाला तिथंच खटकायला हवं होतं. पण माणूस एकदा यंत्राच्या प्रेमात पडला की त्याला काय दिसतं? मीटर घेतलं. लगेच येडूला उभा करून, घोंगडीवर मीटर धरून, काटा सांगेल तसा एक फोटोही काढला. तेवढ्यात कळपातून एक शेळी निघाली, टुकूटुकू चालत आली आणि तिपाईच्या उजव्या पायाशी उन्हाकडे तोंड करून उभी राहिली. हुसकली. परत आली. पुन्हा हुसकली. पुन्हा तिथंच!

"तुमचीच चंद्री की ओ!" येडू म्हणाला. "तुमीच न्हाय का इकली?"

"जुनी खोड!" म्हणत ईरप्पानं तिच्या पाठीत टोपी हाणली.

घरी येऊन काच धुतली, फोटो छापला. घोंगडीचा धागा न् धागा आला होता! आणि घोंगडीवर येडूच्या तोंडाच्या जागी चुन्याचा गोळा. ईरप्पानं फोटो फडताळात लपवला. दुसऱ्या दिवशी त्यानं अप्पांना पांढरी बाराबंदी घालून बसवलं आणि मीटर बाराबंदीवर धरलं. बाराबंदीचा बंद न् बंद आला! वर अप्पांच्या जागी तवा.

जत्रेला तीन दिवस उरले होते आणि नवऱ्याची लग्नातली बाराबंदीही पांढरीच! ईरप्पा डोक्याला हात लावून अंगणात बसला. "अप्पा, आता जगी जन्मभर ती चौकट पुसणार बघा. यंत्र खोटं, मी खोटा. खरी तेवढी तुमची शेळी. होटगीत भेटली. माराला भीत नाही, तिपाईपासून हलत नाही."

अप्पा एकदम सरळ बसले. "कुठल्या पायाशी?"

"उजव्या."

"उन्हाकडं तोंड करून?"

"हो. का?"

"शहाणी गं माझी बाई!" अप्पांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मग त्यांनी इकडंतिकडं कानोसा घेतला आणि हळूच म्हणाले, "शेळीच्या डोळ्यात आडवी रेघ असते, बघितलीस कधी? ऊन कडक असलं की सुताएवढी होते. मग अर्धा नमःशिवाय. ऊन मऊ झालं की तांदळाएवढी. मग एक. ढग आला की चिंचोक्याएवढी. मग तीन."

ईरप्पा ताडकन उठला. "आणि हे मला सांगितलं नाहीत? पोटच्या पोरीच्या लग्नात?"

"चाळीस वर्षं पेठ म्हणत होती, गुरुबसप्पाचा अंदाज म्हणजे अंदाज! शेळीचा अंदाज हाय म्हटलं असतं, तर कोण बसलं असतं समोर? तुला सांगणारच होतो. पण तू तिला इकलीस आणि मलाच सुधारणा शिकवाय लागलास. म्हटलं, बघू." अप्पांनी मान खाली घातली. "चुकलंच माझं. पण ईरप्पा, बाहेर बोलायचं न्हाई. शपथ घे!"

ईरप्पानं शपथ घेतली आणि पुन्हा होटगीची गाडी धरली. येडू शेळी द्यायला तयार होईना. "दूध चांगलं देतीया. आन् आता गाभण बी हाय." शेवटी त्यानं ईरप्पाच्या खिशाकडं बोट केलं. "त्ये काट्याचं द्या, मग न्या." ईरप्पानं विलायती मीटर देऊन शेळी घेतली. पुढं बरेच दिवस ते मीटर येडूच्या म्होरक्या मेंढ्याच्या गळ्यात दिसायचं!

जत्रेचा दिवस उजाडला. चंद्री माहेरी आली म्हणून महानंदानं तिला कुंकू लावून झेंडूची माळ घातली. आपला फोटो न्यायला येडूही आला होता. पाला तोडायचा कोयता हातात होता, तो त्यानं सहज पायरीवर घासायला घेतला. तेवढ्यात दारात टांगा थांबला आणि कपाळभर विभूती लावलेले शिवलिंगप्पा मुलासुनेला घेऊन अंगणात आले. आत स्वयंपाकघरातून महानंदा ओरडली, "पाणी उकळलं हो! आणू का?"

शिवलिंगप्पांनी शेळीच्या कपाळावरचं कुंकू पाहिलं. गळ्यातली माळ पाहिली. कोयता पाहिला. राग आला की ते कानडीत जायचे. "येन इदु? हे काय? लिंगायताच्या घरची सून केली म्हणून समजत होतो, आणि हितं शेळी कापायची तयारी? शिवा शिवा! जगदेवी, टांग्यात बस! आता फोटो नको आणि माहेरही नको!"

"अहो मामा, थांबा!" ईरप्पा आडवा झाला. "कापायला नाही आणली! मोजायला आणलीय!"

"शेळीनं काय मोजतोस?"

ईरप्पानं तोंड उघडलं आणि शपथ आठवून मिटलं. "ते... ते नाही सांगता येत."

"ऐका! सांगायला तोंड न्हाई!" एव्हाना अर्धी नवी पेठ दारात जमली होती. जगदेवीनं टांग्याच्या पायरीवर एक पाय ठेवला होता. डोळे भरलेले.

तेवढ्यात अप्पा भिंत चाचपत बाहेर आले. सगळ्या पेठेसमोर हात जोडून म्हणाले, "व्याही, ऊन मोजायला आणलीय. माझा अंदाज म्हणून जे होतं ते सगळं शेळीचं. तिच्या डोळ्यातली रेघ बघून मी चाळीस वर्षं फोटो काढले. सहा शेळ्या झाल्या. ही सातवी."

पेठेच्या माना शेळीकडे वळल्या. शिवलिंगप्पांनी डोळे बारीक केले. "माझ्या लग्नाचा फोटोही तुमीच काढला होता, गुरुबसप्पा."

"व्हय. तेव्हा गौरी होती. पांढरी."

"फोटोत माझ्या गळ्यात हार न्हाई. तो तिनं खाल्ला?"

"तिनंच!"

शिवलिंगप्पांनी गळ्याला हात लावला. मग त्यांचं पोट हललं, मग मिशा हलल्या आणि मग ते असे हसत सुटले, की टांग्याचं घोडं बिचकलं! "अरे देवा! आणि मी तीस वर्षं समजतोय, की हार घालाय आईच विसरली! जगदेवी, उतर पोरी. बसा रे दोघं."

मुलगा-सून हार घालून खुर्च्यांवर बसली. चंद्री न सांगता तिपाईच्या उजव्या पायाशी उभी राहिली. ईरप्पा गुडघ्यावर बसून तिच्या डोळ्यात बघू लागला.

"रेघ कशी?" अप्पांनी विचारलं.

"तांदळाएवढी!"

"आंबेमोहोर का जाडा?"

"जाडा!"

"मग दीड नमःशिवाय. घाल काच!"

ईरप्पानं काच घातली, टोपणाला हात लावला. उजेड सांगून झाला होता; चंद्रीच्या मते तिचं काम संपलं होतं. ती चालत गेली, जोडप्याच्या मधोमध उभी राहिली आणि नवऱ्याच्या हाराचं टोक तोंडात धरून थांबली. पण अप्पांना दिसत कुठं होतं? त्यांनी "नमःशिवाय" सुरू केलं आणि ईरप्पाचा हात सवयीनं उचलला गेला! फोटोच्या वेळी हलायचं नाही, हे चंद्रीला वऱ्हाडापेक्षा जास्त ठाऊक होतं.

काच धुतली. सगळं उठलं होतं! फेट्याच्या झिरमिळ्या, बाराबंदीचे बंद, जगदेवीचं हसू, अगदी तिच्या गालावरचा सुकलेला ओघळसुद्धा. नवरा तेवढा जरा पुसट आला. तो शेळीपासून अंग चोरत होता. सगळ्यांत स्पष्ट चंद्री.

तोच फोटो अक्कलकोटच्या चौकटीत बसला. आता पाहुणे आले की म्हणायचे, "फोटो झकास! पण ही मधली कोण?"

"ते मीटर हाय," शिवलिंगप्पा सांगायचे. "होटगीचं." आणि चौकट आता ते स्वतःच पुसायचे.

पेठेला गुपित कळलं, तेव्हा गिऱ्हाइकं तुटतील असं अप्पांना वाटलं होतं. झालं उलटंच! लोक शेळी बघायला म्हणून यायचे आणि आलोच आहोत तर फोटो काढून जायचे. चंद्रीला करडू झालं, तेही तिपाईच्या उजव्या पायाशी उभं राहायला शिकलं.

मग एका सोमवारी स्टुडिओच्या दाराला पाटी लागली. 'घरात दुखवटा असल्यामुळे तीन दिवस बंद.' पेठ हळहळली. अप्पांचं वय झालंच होतं. शिवलिंगप्पा अक्कलकोटहून डोळे पुसत आले, दार वाजवलं, तर दार अप्पांनीच उघडलं!

"गुरुबसप्पा! तुमी तर हितंच हाय!"

"हाय की. कुठं जातो? चहा घेणार?"

त्या सोमवारी सकाळी ईरप्पाला चंद्रीच्या डोळ्यातली रेघ चिंचोक्याएवढी दिसली होती, म्हणून त्यानं ढग शोधायला वर पाहिलं. ढग कुठंच नव्हता. चंद्री शेळी गेली ती एकोणीसशे एकोणचाळीस सालच्या माघात, दुसऱ्या सोमवारी, सकाळी नऊच्या सुमारास.