रॅम्प कुठवर आला

नोएलीन आंटीच्या घराला तीन पायऱ्या होत्या आणि त्यांतली मधली कुजलेली होती. कॉर्कवुड गावात नदीकाठच्या वस्तीतली सगळीच घरं खुंटांवर उभी, त्यामुळे पायऱ्या सगळ्यांनाच होत्या आणि कुजलेल्याही बहुतेकांच्या होत्या. पण नोएलीनचा धाकटा भाऊ क्लॅरी याचा उजवा पाय साखरेच्या दुखण्यात गुडघ्याखाली कापावा लागला. तीन तासांवरच्या मोठ्या गावातल्या इस्पितळाने सांगितलं, की घराला चाकाच्या खुर्चीसाठी रॅम्प झाला की त्याच दिवशी याला घरी पाठवू, तोवर नाही. जन्मभर नदीच्या वासात झोपलेला माणूस आता पाचव्या मजल्यावर फिनेलच्या वासात छताकडे बघत पडला होता आणि रोज फोनवर एकच विचारत होता, "ताई, रॅम्प कुठवर आला?"

रॅम्प म्हणजे चार खांब, काही फळ्या आणि एक कठडा. नोएलीनचा भाचा ड्वेन मेंढ्यांच्या गोठ्यांची कामं करायचा; त्याच्या मते सकाळी हातोडी धरली तर दुपारच्या चहाला रॅम्पवर बसता आलं असतं. पण घर नोएलीनचं नव्हतं, ते 'सोबती निवारा' या लोककल्याणकारी गृहसंस्थेचं होतं. मागे शेजारच्या ग्लेनिसने माश्या घरात येतात म्हणून व्हरांड्याला जाळी ठोकली, तर मालमत्तेत अनधिकृत फेरफार केल्याबद्दल तिला घर सोडण्याची नोटीस आली होती. जाळी निघाली, माश्या परत आल्या, नोटीस मागे घेतली गेली. हा इतिहास ताजा असल्यामुळे नोएलीनने रीतसर फोन केला.

"दुरुस्ती विभाग. काय मोडलंय?"

"मला रॅम्प हवाय."

"रॅम्प मोडलाय?"

"नाहीच आहे."

"मग दुरुस्ती कशाची करू? जे नाही ते मोडत नाही, बाई."

"बरं, मग पायरी मोडलीय. ती तरी करा."

पलीकडचा माणूस म्हणाला, "पायरी केली असती. पण तुम्ही रॅम्प मागितलात. रॅम्प झाला की पायरी निघणार. निघणाऱ्या पायरीवर खर्च करणं म्हणजे उधळपट्टी. एक विचारू? तुम्ही आदिवासी समाजाच्या आहात का?"

"इथलीच आहे. तुझ्या संस्थेच्याही आधीपासून."

"अहो, मग आधी सांगायचं ना!" त्याच्या आवाजात एकदम उत्साह आला. "आदिवासी भाडेकरूंच्या घराला त्यांच्याशी सल्लामसलत केल्याशिवाय आम्ही खिळासुद्धा ठोकत नाही. नवीन धोरण आहे."

"अरे बाबा, मीच तर सांगतेय तुला, ठोक म्हणून."

"तुम्ही आपणहून सांगता ती तक्रार. आम्ही विचारतो तेव्हा तुम्ही सांगता ती सल्लामसलत. दोन्हींचे विभाग वेगळे आहेत."

त्या दुसऱ्या विभागातून फिलिपा आली. तिचं पद 'सहभाग व सांस्कृतिक स्नेहबंध अधिकारी' असं होतं आणि ते तिच्या आदिवासी नक्षीच्या, ठिपक्याठिपक्यांच्या सदऱ्यावरच्या बिल्ल्यात जेमतेम मावलं होतं. समुद्रकिनाऱ्यावरच्या मुख्य कचेरीत तिने ऐकण्याचं प्रशिक्षण घेतलं होतं. ऐकताना मान किंचित तिरकी करून सावकाश डोलवायची, हे त्यातलं मुख्य. समोरच्याने तोंड उघडायच्या आत तिची मान नंदीबैलासारखी सुरू होई. वडीलधाऱ्या बाईला 'आंटी' म्हणायचं हेही तिला तिथेच शिकवलं होतं. वस्तीतली माणसं नोएलीनला आंटी म्हणत, कारण तिने त्यांच्या पोरांची ढुंगणं धुतली होती, त्यांच्या आयांच्या मयताला ती उभी राहिली होती. फिलिपा आंटी म्हणायची, कारण ते तिसऱ्या धड्यात होतं.

"आंटी नोएलीन," ती म्हणाली, "मला तुमची कहाणी ऐकायचीय."

"कहाणी कसली? भावाचा पाय गेला. त्याला घरात यायला रॅम्प पाहिजे."

फिलिपाची मान डोलली. "किती सुंदर. घर आणि माणूस यांच्यातलं नातं."

"नातं जुनंच आहे. रॅम्प नाहीये."

फिलिपाचे डोळे पाणावले. तिने नोएलीनचा हात दाबला आणि सगळ्या वस्तीला सकाळच्या चहाला बोलवायचं ठरवून ती निघून गेली.

चहा नोएलीनच्याच अंगणात झाला. संस्थेने तंबू ठोकला, सॉसेज भाजले, नारळात घोळवलेले केक मांडले. मुख्य कचेरीतून गाडीभर साहेबलोक आले. कार्यक्रमाची सुरुवात रिवाजाप्रमाणे भूमीस्वागताने व्हायची होती. म्हणजे ज्यांची भूमी त्यांच्यातल्या वडीलधाऱ्याने पाहुण्यांना 'या' म्हणायचं. हा मान नोएलीनला दिला होता. आपल्याच अंगणात न बोलावता आलेल्या माणसांचं स्वागत करण्यासाठी ती उभी राहिली.

"आलात तर आलात," ती म्हणाली. "या. फक्त त्या मधल्या पायरीवर पाय देऊ नका, मोडेल."

टाळ्या झाल्या. हे वाक्य चित्रित करून घेतलं गेलं आणि 'आंटींनी आम्हाला जपून पाऊल टाकायला शिकवलं' अशा मथळ्याखाली पुढे पुष्कळ फिरलं. मग थोरल्या साहेबांनी छातीवर हात ठेवून या भूमीच्या मूळ राखणदारांचं, त्यांच्या पूर्वजांचं गंभीर स्वरात स्मरण केलं. नाव मात्र त्यांनी नदीपलीकडच्या लोकांचं घेतलं. ड्वेन तोंडात सॉसेज धरून हसायला लागला.

"आंटी, यांनी शेजाऱ्यांचे आभार मानले की गं!"

"मानू दे," नोएलीन म्हणाली. "त्यांचेही कुणी मानले नसतील."

मग प्रत्येकाला एक रंगीत चिठ्ठी देण्यात आली. 'घर म्हणजे तुमच्यासाठी काय?' या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात लिहून फळ्यावर चिकटवायचं होतं. वस्तीने आपसात एकदा बघून घेतलं. नोएलीनने लिहिलं 'रॅम्प'. ड्वेनने लिहिलं 'रॅम्प'. ग्लेनिसने 'रॅम्प' लिहून खाली कंसात 'आणि जाळी' असं लिहिलं. चहा संपेपर्यंत सगळा फळा रॅम्पने भरून गेला होता. गावाच्या इतिहासात कधी निवडणुकीतसुद्धा एवढं एकमत झालं नव्हतं.

फिलिपा फळ्यासमोर भारावून उभी राहिली. "रॅम्प म्हणजे काय?" तिने साहेबांना विचारलं आणि उत्तरही दिलं. "खालचं वरच्याशी जोडणारा दुवा. या समाजाला संवाद हवाय, सर."

साहेबांनी मान डोलवली. ते बघून गाडीतून आलेल्या सगळ्यांनी डोलवली.

त्या रात्री फोनवर क्लॅरीने विचारलं, "ताई, कुठवर आला?"

"फळ्यापर्यंत आलाय."

"पाय माझा गेला," क्लॅरी म्हणाला, "पण डोकं त्यांचं गेलेलं दिसतंय."

तो हसला. नोएलीनने फोन कानाशी घट्ट धरला. तिला भडभडून आलं होतं. पण ती रडली असती तर त्याने तिकडे जेवण टाकलं असतं, म्हणून तिने नदीला पाणी किती आहे ते सांगितलं.

संवादाची गरज सिद्ध झाल्यामुळे संस्थेने विलंब लावला नाही. पुढच्याच आठवड्यात किनाऱ्याकडून दोन ट्रक भरून वालुकाश्माचे प्रचंड धोंडे आले आणि क्रेनने ते नोएलीनच्या अंगणात, बरोबर पायऱ्यांसमोरच्या उंचवट्यावर, गोलाकार मांडण्यात आले. हे 'गप्पांचं वर्तुळ' होतं. समाजाने इथे बसून मन मोकळं करावं अशी योजना होती. समाज आजवर नोएलीनच्या स्वयंपाकघरात बसून मन मोकळं करत आला होता, पण त्या जागेची नोंद नव्हती. मधोमध शेकोटीसाठी लोखंडी कुंड बसवलं आणि त्याच्या शेजारी 'येथे विस्तव पेटवण्यास सक्त मनाई आहे' अशी पाटी लावली.

"फिलिपा, पोरी," नोएलीन म्हणाली, "एवढी माणसं, एवढी यंत्रं आलीच आहेत, तर त्यांतल्या एकाला चार फळ्या ठोकायला सांग ना."

"आंटी, सांगितलं असतं. पण हा स्नेहबंधाचा निधी आहे. फळ्या दुरुस्तीत येतात."

"आणि धोंडे?"

"धोंडे नात्यात येतात."

वर्तुळाच्या उद्घाटनाआधी एक तपासनीस येऊन गेला. त्याने कडक शेरा मारला, की सार्वजनिक संवादाच्या जागी अपंग व्यक्तीला चाकाच्या खुर्चीतून पोहोचता येत नाही, ही गोष्ट लाजिरवाणी आहे. मुख्य कचेरी हादरली. आदिवासी समाज आणि अपंग व्यक्ती या दोघांवर एकाच अंगणात अन्याय होणं संस्थेला परवडणारं नव्हतं. सुतार रातोरात नेमले गेले. उत्तम निलगिरीच्या लाकडाचा, दोन्ही बाजूंनी कठडे असलेला, घसरू नये म्हणून खाचा पाडलेला देखणा रॅम्प तयार झाला. तो रस्त्याकडून डौलात चढत अंगणातल्या उंचवट्यावरच्या वर्तुळाशी आला आणि तिथेच थांबला. कुजकी पायरी तिथून चार पावलांवर होती.

आणि संस्थेच्या कागदोपत्री नोएलीनच्या पत्त्यावर रॅम्प झाला. तसं इस्पितळाला कळवण्यात आलं, आणि इस्पितळाने दिलेला शब्द पाळला.

क्लॅरीला गाडीतून उतरवून ड्रायव्हरने त्याची खुर्ची रॅम्पवरून झोकात वर ढकलली, वर्तुळात आणून लावली, सही घेतली आणि तो गेला. क्लॅरीने चारी बाजूंच्या धोंड्यांकडे पाहिलं, पाटी वाचली, मग पायऱ्यांकडे पाहिलं.

"ताई, हे काय आहे?"

"वर्तुळ आहे. तू इथे मन मोकळं करायचंस."

"मला आधी माझ्या संडासात जायचंय."

ड्वेन पुढे झाला. "काका, चल, पाठुंगळी घेतो तुला."

"हात लावू नको, लेका. पोतं आहे का मी? त्या पायरीवर तू एकटा उभा राहिलास तरी ती बसेल, मला घेऊन चढलास तर दोघांचे मिळून दोन पाय उरतील. माझ्या घरात मी माझा जाईन."

ड्वेनने वर्तुळाकडे पाहिलं, रॅम्पकडे पाहिलं आणि घरून हातोडी आणली. सोबत चार मित्र आले. दुपारच्या चहाला रॅम्प सुटा होऊन, फिरून, मधल्या पायरीवरून थेट दाराला लागला होता. त्याचा अंदाज चुकला नव्हता. क्लॅरीने दोन्ही हातांनी चाकं फिरवली आणि कुणाचा हात न लागता तो आपल्या घरात गेला. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, खिडकीजवळच्या आपल्या जागी, त्याने साखर न घातलेला चहा प्यायला आणि तोंड वाकडं केलं. नोएलीन त्याच्याकडे बघत राहिली. किती दिवसांनी त्या घरात कुणीतरी चहाला नावं ठेवत होतं.

सुतार दुसऱ्या दिवशी सकाळी आले. सांस्कृतिक मालमत्तेची मोडतोड ही तातडीची बाब होती.

"अहो, तो आत आहे!" नोएलीन दारात आडवी उभी राहिली. "रॅम्प नेलात तर बाहेर कसा येईल?"

मुकादम वाईट माणूस नव्हता. त्याने हुकूम पुन्हा एकदा वाचून बघितला. "आंटी, रॅम्प मूळ जागी न्यायचा असं लिहिलंय. माणसाबद्दल काही लिहिलेलं नाही." आणि ड्वेनकडे वळून म्हणाला, "पुन्हा हात लावलात तर घर खाली करून घेणार आहेत म्हणे. मी आपलं सांगून ठेवतो."

अशा रीतीने जो माणूस आत येऊ शकत नव्हता, तो आता बाहेर येऊ शकत नाही. बदल झाला, हे संस्थेच्या शत्रूलाही नाकारता येणार नाही.

गेल्या गुरुवारी वर्तुळाचं रीतसर उद्घाटन झालं. तेच साहेब, तेच केक. क्लॅरी खिडकीत होता. फिलिपाने त्याला प्रेमाने हाक मारली, "अंकल क्लॅरी, या ना खाली! ही जागा तुमचीच आहे!"

"हो का?" क्लॅरी खिडकीतून ओरडला. "मग तिथले धोंडे विकून मला दोन फळ्या आण!"

साहेबलोक प्रेमळपणे हसले. मग भूमीस्वागतासाठी नोएलीनला बोलावलं. ती वर्तुळाच्या मध्यभागी, न पेटणाऱ्या शेकोटीशी उभी राहिली. या वेळी तिने 'या' म्हटलं नाही.

"तो माझा भाऊ," ती म्हणाली. "ते आमचं घर. ही आमची जमीन, आणि तिच्यावर राहण्याचं भाडं मी तुम्हाला देते. हा तुमचा रॅम्प, तो तिथून चार पावलांवर आहे. मला दुसरं काही सांगायचं नाही. तो खाली येईपर्यंत तुमचं इथे स्वागत नाही."

फिलिपाची मान हळूहळू डोलू लागली. साहेबांची डोलली. मागोमाग सगळ्यांची डोलली. काहींचे डोळे भरून आले. असं परखड स्वागत आजवर ऐकलं नव्हतं, असं साहेब म्हणाले, आणि त्यांनी स्वतः पुढे होऊन फीत कापली.

संस्थेचा वार्षिक अहवाल आता छापून आला आहे. त्यात 'ऐकून व्यथित झालेले व मान डोलावलेले' असा एक रकाना असून त्यातल्या आकड्यावर पुढच्या वर्षीचा निधी ठरतो. तुम्हीही मघापासून इथवर आलात, एकदोनदा हसलात, आणि नोएलीन बोलली तेव्हा तुमचीही मान हलली. संकोचू नका, ती आम्ही त्या आकड्यात धरली आहे.

क्लॅरी अजून खिडकीतच आहे.