चाळीस टक्क्यांचा ठराव

कोथरूडच्या 'निर्धास्त' सहकारी गृहरचना संस्थेत, दुसऱ्या मजल्यावरील टिल्लू यांच्या घरी, एका बुधवारी सकाळी एक संगणक शंभर टक्के चालला. संस्थेच्या आवारात कुठलीही गोष्ट शंभर टक्के चालण्याचा हा पहिलाच प्रसंग असल्यामुळे त्याची दखल घेणे भाग पडले. मी समोरच्याच दारात राहतो, त्यामुळे पुढचे बरेचसे मी डोळ्यांनी पाहिले आहे. जे पाहिले नाही ते भिंत पातळ असल्यामुळे ऐकले आहे, आणि जे ऐकू आले नाही ते मला आधीपासूनच ठाऊक होते.

संगणक स्वरालीचा. स्वराली म्हणजे यज्ञेश्वर टिल्लूंची नात. खराडीला नोकरी करते, आजीआजोबांकडे राहते आणि सुट्टीच्या दिवशी संगणकावर खेळते. खेळ म्हणजे पत्त्यांचा डाव नव्हे. इकडून पाच जण, तिकडून पाच जण, पडद्यावर धुमश्चक्री, आणि ती बघायला देशभरातले लोक जेवणे टाकून बसतात. तिचा संघ अंतिम फेरीत पोचला होता. सामना रविवारी संध्याकाळी. त्यासाठी तिने सुटे भाग आणून स्वतःच्या हातांनी नवा संगणक जोडला होता, आणि आयत्या वेळी दगा नको म्हणून त्या सकाळी त्याला पूर्ण भारावर पळवून पाहत होती. पडद्यावर ठळक आकडे होते: भार शंभर टक्के, तापमान ऐंशी अंश.

नेमके तेव्हाच यज्ञेश्वरराव दुधाची पिशवी घेऊन आत आले.

"ऐंशी?" ते म्हणाले. "अगं, चाळीसला पुण्यातली माणसं घराबाहेर पडत नाहीत, आणि तू या बिचाऱ्याला ऐंशीवर ठेवलंयस?"

"आजोबा, त्याला चालतं. फुल लोडवर पळायलाच बनवलाय तो. आत पंखे आहेत. जास्त तापला तर स्वतःच वेग कमी करतो, आणि अगदीच झालं तर आपणहून बंद होतो."

"आपणहून! म्हणजे त्या यंत्राला कळतं आणि तुला कळत नाही."

असे म्हणून त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि भिंतीवरचे बटण बंद केले.

इथे यज्ञेश्वररावांचा सिद्धांत सांगणे आवश्यक आहे. वस्तू वापरली की झिजते. सबब न वापरणे हीच वस्तूची खरी देखभाल. त्यांच्या घरी टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत असतो, आणि पिशवी फाटू नये म्हणून तिला शिवलेली खोळ आहे. चॅनेल बदलायचा तर उठून टीव्हीपाशी जावे लागते. फ्रिजला स्टॅबिलायझर, स्टॅबिलायझरला कव्हर आणि कव्हरवर धूळ बसू नये म्हणून टॉवेल. स्कूटर घेतली तेव्हा दुकानदाराने सांगितले होते की सुरुवातीला जरा हळू चालवा. ती सुरुवात अद्याप चालू आहे. शोकेसमध्ये लग्नात आलेला चिनी मातीच्या कपबशांचा संच आहे, 'पाहुणे आले की वापरायचा'. पाहुणे येतात, स्टीलच्या पेल्यातून चहा पितात आणि संच बघून जातात.

हा सिद्धांत त्यांनी स्वतःलाही लावला होता. ते ज्या सरकारी खात्यात होते तिथे पूर्ण भारावर चालणारा एकच कारकून होता. त्याने टेबलावरच्या सगळ्या फायली निकालात काढल्या. टेबल रिकामे दिसू लागले, म्हणून वरून ते पदच रद्द झाले. यज्ञेश्वरराव मात्र जसे रुजू झाले तसेच निवृत्त झाले. अंगावर ओरखडा नाही.

शिवाय ते संस्थेचे अध्यक्ष होते. त्यामुळे त्याच संध्याकाळी तातडीची सभा भरली. विषय: 'आवारातील पूर्ण भार, संभाव्य हानी व उपाययोजना'. तज्ज्ञ म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या पुष्करला बोलावले. पुष्कर खराडीच्या एका कंपनीत संगणकांचेच बघतो.

"पुष्कर, एका शब्दात सांगा," यज्ञेश्वरराव म्हणाले. "फुल लोडनं नुकसान होतं का?"

"नाही, काका. म्हणजे आतली हवा खेळती असेल, धूळ साचलेली नसेल, तर नाही. इट डिपेंड्स."

"डिपेंड्स. लिहून घ्या. तज्ज्ञांना खात्री नाही."

"अहो, खात्री आहे! मी म्हटलं—"

"तुम्ही स्वतः कंपनीत किती भारावर चालता?"

"कागदावर एकशे दहा टक्के."

"आणि कागदाखाली?"

"काका, मीटिंगा असतात हो."

"तब्येत कशी आहे?"

"उत्तम."

"मग झालं तर," यज्ञेश्वरराव म्हणाले, आणि सभेने टाळ्या वाजवल्या.

स्वराली उभी राहिली. "आजोबा, रविवारी फायनल आहे. माझ्यासोबत चौघं आहेत, त्यांनी यासाठी झोपा घालवल्यात. मला अख्खा संगणक लागणार आहे. त्याचा नमुना नको."

मग प्रश्न आला की कितीपर्यंतचा भार निर्धोक धरावा. कोणालाच ठाऊक नव्हते. तेव्हा तळमजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक श्रीनिवासराव म्हणाले, "पास व्हायला पस्तीस लागतात." वर पाच सुरक्षिततेसाठी धरून चाळीस टक्क्यांचा ठराव एकमताने मंजूर झाला. विरोधात स्वराली होती, पण ती सभासद नव्हती.

ठराव एकदा झाला की तो एकट्या संगणकाला लावणे अन्यायाचे ठरते. दुसऱ्याच दिवशी लिफ्टचा विचार झाला. लिफ्ट सहा माणसांची. तिचे चाळीस टक्के म्हणजे दोन पूर्णांक चार दशांश. सबब दोन माणसे व एक हडकुळे, अशी पाटी लागली. हडकुळेपण ठरवण्याचा अधिकार रखवालदार दत्तोबाला दिला, आणि दत्तोबा ज्यांच्यावर रागावलेला होता ते सगळे त्या दिवसापासून जाड ठरले. पाण्याची टाकी अर्धीसुद्धा भरेना. कुकरची शिट्टी पुरती होण्याआधी गॅस बंद करायचा असे ठरल्यामुळे सोसायटीत सगळीकडे डाळ दाताखाली येऊ लागली, पण कुकर शाबूत राहिले. दत्तोबाचा सलामसुद्धा चाळीस टक्क्यांवर आला. हात छातीपर्यंत येऊन थांबे. बघणाऱ्याला वाटे, याला खाज सुटली आहे. सकाळचा हास्यक्लब तर बघण्यासारखा झाला. पूर्वी सगळे हात वर करून 'हा हा हा' करीत. आता गोल उभे राहत, गंभीर चेहऱ्याने एकदा 'ह' म्हणत आणि घरी जात.

मीही या काळात बराच टिकलो. शेजाऱ्यांच्या भानगडी मी आता चाळीस टक्केच ऐकत असे. उरलेल्या अंदाजाने भरून काढी.

रविवार उजाडला.

संध्याकाळी स्वराली कानांना हेडफोन लावून बसली, आणि सामना बघायला मीही टिल्लूंकडेच खुर्ची टाकली. पडद्यावर कोपऱ्यात आकडा होता: चाळीस. तो आकडा स्वतः आजोबांनी शेजारी उभे राहून बसवून घेतला होता. सामना तीन डावांचा. संघाचा कप्तान केयूर सदाशिव पेठेतल्या आपल्या खोलीतून खेळत होता, आणि त्याचा आवाज हेडफोनमधून माझ्या खुर्चीपर्यंत येत होता.

"स्वरा, डावीकडे! अगं डावीकडे! तू गोळ्या मारतीयेस का पोस्टानं पाठवतीयेस?"

तिचा दोष नव्हता. तिच्या पडद्यावर शत्रू दिसायचा तेव्हा तो तिथून निघून गेलेला असायचा. पहिला डाव गेला. दुसरा बाकीच्या चौघांनी कसाबसा ओढून आणला. आता तिसऱ्यावर सगळे होते.

इकडे यज्ञेश्वरराव अस्वस्थ. टेबलाखालच्या संगणकाच्या डब्याला त्यांनी हात लावला, तर तो कोमट! चाळीस टक्क्यांवरही कोमट! ते आत गेले. आधी आणले टीव्हीसाठी विणलेले क्रोशाचे कव्हर. त्यावर गादीचे प्लास्टिक. आणि मग, आजारी नातवंडाला पांघरूण घालावे तितक्या मायेने, डब्याभोवती दुलई नीट खोचली. स्वरालीचे डोळे पडद्यावर होते, कान हेडफोनमध्ये. मी मात्र सगळे पाहिले. पण माझे बोलणेही तेव्हा चाळीस टक्क्यांवर होते.

तिसरा डाव सुरू होताच पडदा काळा झाला.

"गेला!" यज्ञेश्वरराव म्हणाले, आणि त्या शब्दात दुःखाहून समाधान जास्त होते. "चाळिसात गेला. शंभरावर असता तर आपण सगळे गेलो असतो."

"केयूर, थांब, पंचांना सांग, मशीन बंद पडलंय!" स्वराली ओरडली. नियमाप्रमाणे अडचणीसाठी थोडा वेळ मिळत होता. आजीने, म्हणजे शैलाताईंनी, जिन्यात जाऊन पुष्करला हाक मारली. पुष्कर जिन्यानेच धावत आला, कारण लिफ्टमध्ये आधीच दोन माणसे होती.

त्याने टेबलाखाली वाकून पाहिले आणि तिथूनच विचारले, "काका, याला काय दिवस गेलेत का?"

मग त्याने दुलई काढली, प्लास्टिक काढले, क्रोशाचे कव्हर काढले. आतून तव्यासारखा वाफारा आला.

"अहो, हा लोडनं नाही तापला. याचा तुम्ही श्वास बंद केलात! पुण्यात मे महिन्यात दुलई! दोन मिनिटं हवा खाऊ द्या त्याला."

दोन मिनिटांनी संगणक निमूट सुरू झाला. त्याला काहीही झालेले नव्हते. स्वरालीने हेडफोन चढवले, आजोबांकडे पाहिले आणि कोपऱ्यातला चाळीसचा आकडा पुसून टाकला. पंखे घोंघावू लागले. साठ. ऐंशी. शंभर.

यज्ञेश्वररावांनी भिंतीकडे धाव घेतली आणि बटणावर बोट ठेवले. "ठराव आहे! अध्यक्ष या नात्याने मला—"

"अहो," शैलाताई मागून म्हणाल्या.

त्या शोकेसपाशी उभ्या होत्या. शोकेस उघडी होती. कपबशांचा संच बाहेर निघाला होता, आणि त्यातला एक कप त्यांच्या हातात होता.

"हा पुसून पुसून माझे केस पिकले," त्या शांतपणे म्हणाल्या. "आज मी यात चहा पिणार आहे. कडकडीत उकळता."

"शैला, तो पाहुण्यांचा आहे!"

"त्यातल्या निम्म्या पाहुण्यांच्या तेराव्याला जाऊन आले मी. आता मीच पाहुणी."

मी माणूस दोन बाजूंनी ओढला गेलेला पाहिला आहे, पण असा नाही. एक बोट बटणावर, डोळे कपावर. बटण दाबून निघावे तर स्वराली ते पुन्हा लावणार, धरून उभे राहावे तर तिकडे चहा ओतला जाणार. कप वाचवावा तर बटण सोडावे लागणार. शैलाताई कप घेऊन स्वयंपाकघरात गेल्या, आणि तिथे आधण खळखळू लागले. अखेर यज्ञेश्वररावांनी बटण सोडले आणि ज्या वेगाने त्यांची स्कूटर कधीही गेली नाही त्या वेगाने ते स्वयंपाकघरात गेले.

तेवढा वेळ स्वरालीला पुरला. आता तिच्या पडद्यावर शत्रू होता तिथेच दिसत होता. "डावीकडे!" केयूर ओरडायच्या आत डावीकडचा आडवा झाला होता. एक, दोन, तीन. शेवटचा दाराआड लपला, तिने दार उघडायची वाटही पाहिली नाही. हेडफोनमधून चार घरांचा आरडाओरडा एकदम बाहेर आला. तापमान अठ्ठ्याहत्तर अंश. टेबल जळाले नाही, इमारत उडाली नाही, फक्त पोरगी खुर्चीवर उभी राहून नाचत होती, आणि खुर्चीलाही काही झाले नाही.

स्वयंपाकघरातून शैलाताई ट्रे घेऊन आल्या. सगळ्यांना त्याच कपांतून चहा. यज्ञेश्वररावांनी आपला कप दोन्ही हातांनी, नवजात बाळासारखा धरला, एक घोट घेतला, मग दुसरा घेतला.

"जरा जास्तच गरम राहतो यात," ते शेवटी म्हणाले.

"आणखी देऊ?"

"दे."

सोमवारी पुन्हा सभा झाली. यंत्र पूर्ण भारावर चालूनही नुकसान झाले नाही, ही गंभीर बाब होती. ते का झाले नाही, याची चौकशी करण्यासाठी त्रिसदस्यीय समिती नेमली. समितीचे काम चाळीस टक्क्यांनी सुरू आहे. स्वरालीच्या विजयाचे अभिनंदनही ठरावाच्या मर्यादेत झाले: तिला 'शाब' एवढे म्हणण्यात आले.

तुम्ही हसलात. हसा, पूर्ण हसलात तरी माझी हरकत नाही. पण तुमच्या घरी एक कपाट आहे. त्यात कुणीतरी प्रेमाने दिलेले काहीतरी आहे, अजून पिन न काढलेले, 'चांगल्या दिवसासाठी' ठेवलेले. आत्ता उठून ते बाहेर काढता येईल. तुम्ही उठणार नाही, हेही मला ठाऊक आहे. गुडघे जपायला हवेत ना.